‘पुरेसा प्रकाश’ : वेल्डच्या दृष्टि-तपासणीविषयीच्या एका मानक-वचनाची चिकित्सा

१

यंत्रशास्त्रातील मानकांकडे ग्रंथ म्हणून पाहण्याची आपल्याकडे रीत नाही. मानक हे पाळावयाचे असते, वाचावयाचे नसते, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक मानक हेही शब्दांनीच घडलेले असते. त्यात आज्ञार्थ आणि विध्यर्थ यांचा भेद असतो, काही गोष्टी स्पष्ट सांगितलेल्या असतात, तर काही गृहीत धरून सोडून दिलेल्या असतात. काव्यातील एखाद्या ओळीचा अर्थ चुकला तर रसहानी होते. मानकातील एखाद्या वाक्याचा अर्थ चुकला तर होणारी हानी वेगळ्या जातीची असते. म्हणून ज्या चिकित्सक वृत्तीने आपण वाङ्मयीन संहितेकडे पाहतो, तीच वृत्ती ह्या वचनांच्या बाबतीतही स्वीकारणे अयोग्य ठरू नये.

प्रस्तुत निबंधात अशाच एका लहानशा वचनाचा विचार करावयाचा आहे. वेल्डिंगने जोडलेला सांधा (पारिभाषिक लेखनात ‘वितळजोडकाम’ हा शब्द आढळतो, परंतु कारखान्यात तो कोणी उच्चारीत नाही) डोळ्यांनी तपासावयाचा असेल तर किती प्रकाश हवा, डोळा किती अंतरावर हवा आणि कोणत्या कोनातून पाहावयास हवे, हा त्या वचनाचा विषय होय.

ह्या विषयाचा मराठवाड्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. लातूरजवळ हरंगुळ येथे रेल्वे-डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी २०१८ मध्ये झाली आणि २०२० च्या डिसेंबरात तेथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. पुढे २०२३ मध्ये शयनयान प्रकारच्या १२० ‘वंदे भारत’ गाड्यांचा जो करार झाला, त्यासाठीही हेच स्थान ठरले. नांदेड आणि लातूर ह्या दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखाने आहेत. गळीत हंगाम संपला की त्यांचे बॉयलर उघडले जातात आणि उन्हाळ्यापासून पुढील हंगामापर्यंत दुरुस्तीचे वेल्डिंग चालते. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली गाडी लातुरास पोहोचली, तेव्हा दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. त्या टाक्यांची कवचेही वेल्डनेच जोडलेली होती. शिवाय ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या तर रस्त्याकडेच्या वर्कशॉपमध्येच जोडल्या जातात. तात्पर्य, वेल्डवर विश्वास ठेवून जगण्याचा प्रसंग ह्या प्रदेशातील माणसास नित्याचाच आहे.

२

प्रथम मूळ वचनांचा आशय पाहू. आयएसओ १७६३७ हे वितळवून केलेल्या वेल्डच्या दृष्टि-तपासणीचे आंतरराष्ट्रीय मानक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१६ मध्ये सुधारले गेले. त्यात तीन आकडे येतात. पृष्ठावर पडणारा प्रकाश किमान ३५० लक्स असलाच पाहिजे, मात्र ५०० लक्सची शिफारस आहे. डोळा पृष्ठापासून ६०० मिलिमीटरच्या आत नेता येईल इतकी वाट असली पाहिजे. दृष्टी आणि पृष्ठ यांमधील कोन सुमारे ३० अंशांहून कमी असता कामा नये. अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या बॉयलर-संहितेत, तिच्या पाचव्या विभागाच्या नवव्या लेखात, अंतर आणि कोन हेच आहेत. २४ इंच आणि ३० अंश. प्रकाश मात्र १०० फूट-कँडल, म्हणजे सुमारे १,००० लक्स मागितला आहे.

येथेच पहिला प्रश्न उपस्थित होतो. डोळा युरोपातील असो वा अमेरिकेतील, त्याची रचना एकच. मग एका परंपरेस ३५० लक्स चालतात आणि दुसरीस त्याच्या जवळजवळ तिप्पट लागतात, हे कसे? हा आकडा केवळ शरीरशास्त्रातून आलेला नाही, हे यावरून उघड होते. तो व्यवहारातून, सहमतीतून आणि काही अंशी पूर्णांकाच्या मोहातून आलेला आहे. २४ इंच आणि १०० फूट-कँडल हे आकडे मोजण्यास व लक्षात ठेवण्यास सोयीचे आहेत, एवढे तरी निश्चित. प्रकाश वाढला की दृष्टीची सूक्ष्मता वाढते, पण ती प्रकाशाच्या प्रमाणात वाढत नाही. आरंभी ती झपाट्याने वाढते आणि पुढे मंदावते. म्हणून ३५० आणि १,००० यांतील अंतर कागदावर जेवढे मोठे दिसते तेवढे डोळ्यास ते जाणवत नाही.

आता अंतर आणि कोन यांकडे वळू. निरोगी डोळा सामान्यतः एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा कोन वेगळा ओळखू शकतो. ६०० मिलिमीटरवर ह्या कोनाचे माप ०.१७५ मिलिमीटर येते, ३०० मिलिमीटरवर त्याच्या निम्मे आणि एक मीटरवर ०.२९ मिलिमीटर. हे झाले समोरून पाहताना. दृष्टी तिरपी झाली की पृष्ठावरील रुंदी आखडते. ३० अंशांवर ती बरोबर निम्मी होते, म्हणून ६०० मिलिमीटरवरून ०.३५ मिलिमीटरहून बारीक तपशील वेगळा ओळखणे कठीण होते. १५ अंशांवर ही मर्यादा ०.६७ मिलिमीटरपर्यंत जाते. तेव्हा ६०० आणि ३० ही जोडी निरर्थक नाही. तिच्या आत राहिल्यास साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे दोष डोळ्याच्या आटोक्यात राहतात, आणि तिच्या बाहेर गेल्यास ते निसटू लागतात. मानककारांनी घातलेली ही कुंपणे विचारपूर्वक घातलेली आहेत, हे मान्य केलेच पाहिजे.

३

तथापि वाक्याची घडण बारकाईने पाहिली असता एक गोष्ट लक्षात येते. दोन्ही संहितांत अंतराविषयीचे वाक्य ‘डोळा ६०० मिलिमीटरच्या आत नेता येईल’ अशा शक्यतेच्या अर्थाचे आहे. निरीक्षकाने डोळा तेथे नेला, असे ते म्हणत नाही. ते वाटेविषयी बोलते, चालण्याविषयी बोलत नाही. मराठीत ‘दिसणे’ आणि ‘पाहणे’ ही दोन क्रियापदे आहेत आणि त्यांपलीकडे ‘निरखणे’ व ‘न्याहाळणे’ अशी आणखी दोन आहेत. दिसणे ही अवस्था आहे, पाहणे ही कृती आहे आणि निरखणे ही अवधानपूर्वक केलेली कृती आहे. मानक-वचन ‘दिसण्याची’ हमी देते, आणि तपासणीच्या पत्रकावर मात्र ‘पाहिले’ अशी सही होते. ह्या दोन क्रियापदांमधील अंतर कोणत्याही लक्समापकाने मोजता येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आयएसओ १७६३७ मध्ये आणखी एक वाक्य येते. दोष आणि पार्श्वभूमी यांत चांगला भेद व उठाव दिसावा म्हणून आणखी एक दिवा वापरावा, असा त्याचा आशय. पहिल्या आकड्यांसाठी ‘असलेच पाहिजे’ हे क्रियापद योजिले आहे; ह्या वाक्यासाठी मात्र ‘वापरावा’. पहिले बंधनकारक, दुसरे सुचविलेले. आणि दुसऱ्यास आकडाही नाही. दिवा कोठे धरावा, किती तिरपा धरावा, हे त्यात नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते वेल्डच्या दृष्टि-तपासणीचे मर्म ह्या गौण ठरविलेल्या वाक्यातच आहे, आणि त्यास गौण ठरविणे हा त्या संहितेचा सर्वांत मोठा दोष आहे.

हे विधान केवळ आग्रहापोटी केलेले नाही, त्यास गणिताचा आधार आहे. वेल्डच्या कडेला मूळ पत्र्यात जी चर पडते तिला ‘अंडरकट’ म्हणतात. आयएसओ ५८१७ ह्या दोष-मर्यादांच्या मानकात सर्वांत कडक अशा ‘ब’ प्रतीसाठी, तीन मिलिमीटरहून जाड पत्र्यात, अंडरकटची खोली पत्र्याच्या जाडीच्या पाच टक्क्यांहून आणि कोणत्याही परिस्थितीत ०.५ मिलिमीटरहून अधिक चालत नाही. आता खोली ही समोरून कधीही दिसत नाही, ती सावलीवरून अनुमानाने कळते. चरीची कड सरळ आहे असे घटकाभर धरू. दिवा पृष्ठाशी ६० अंशांचा कोन करून धरला तर ०.५ मिलिमीटर खोलीची सावली ०.२९ मिलिमीटर पडेल. ३० अंशांवर ती ०.८७ मिलिमीटर होईल आणि १० अंशांवर २.८ मिलिमीटर. दिवा बरोबर डोक्यावर धरला तर सावलीच पडणार नाही. प्रत्यक्षातील अंडरकट गोलसर असतो, त्यामुळे सावलीची कड एवढी रेखीव नसते. परंतु नियम तोच राहतो. लक्सचा आकडा तोच ठेवून केवळ दिव्याची जागा बदलल्याने सावली जवळजवळ दसपट होते. ३५० लक्स असलेला तिरपा दिवा जे दाखवील ते १,००० लक्सचा माथ्यावरचा दिवा झाकून ठेवील. ‘दिव्याखाली अंधार’ ही आपली म्हण येथे वेगळ्याच अर्थाने खरी ठरते.

हे ज्ञान काही नवे नाही. आपल्या घरांतील स्त्रिया धान्य निवडताना सूप घेऊन उंबऱ्याशी बसतात, अंगणात मध्यभागी बसत नाहीत. दारातून येणाऱ्या तिरप्या उजेडात खडा आणि दाणा यांच्या सावल्या वेगळ्या पडतात. अंगणात प्रकाश कितीतरी अधिक असतो, पण तो चोहोंकडून येतो आणि सगळे सारखेच उजळतो. हे त्यांना कोणत्याही मानकाने शिकविलेले नाही.

४

प्रकाशाची राशी मोजताना आणखी एक गोष्ट राहून जाते. लक्स हे पृष्ठावर पडणाऱ्या प्रकाशाचे माप आहे, डोळ्याकडे परत येणाऱ्या प्रकाशाचे नव्हे. समजा, काळी खपली धरलेला साधा पोलादी पत्रा दहा टक्के प्रकाश परत पाठवितो आणि घासलेला पत्रा पन्नास टक्के. दोन्ही पृष्ठे सर्व दिशांना सारखाच प्रकाश विखुरतात असे धरले, तर ५०० लक्स प्रकाशात पहिल्याची दीप्ती चौरस मीटरला सुमारे १६ कँडेला येते, दुसऱ्याची सुमारे ८०. कागदावर अट एकच, डोळ्यापुढील दृश्य पाचपटींनी वेगळे. स्टेनलेस पोलादाची गोष्ट तर आणखी निराळी आहे. आजवर बांधल्या गेलेल्या वंदे भारत गाड्यांचे सांगाडे ह्याच पोलादाचे आहेत. घासलेला स्टेनलेस पत्रा प्रकाश विखुरत नाही, एका दिशेने फेकतो. तेथे दिवा जितका प्रखर तितकी चकाकी अधिक, आणि चकाकीत बारीक भेग बुडून जाते. म्हणजे एकाच कारखान्यात एका सांध्यास जो दिवा ‘पुरेसा’ तोच शेजारच्या सांध्यास घातक ठरू शकतो.

दिव्याच्या अंतराविषयीही असेच म्हणता येते. बिंदुवत् दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. हातातील दिवा ५०० मिलिमीटरवर असता पृष्ठावर १,००० लक्स मिळत असतील, तर तोच हात थकून ७०० मिलिमीटरवर गेला की ५१० लक्स उरतात. सकाळी एकदा लक्समापक लावून नोंदविलेला आकडा दुपारपर्यंत खरा राहील, असे मानणे म्हणूनच धाडसाचे आहे.

बॉयलरच्या ड्रममध्ये हा प्रश्न आणखी बिकट होतो. दीर्घकाळ लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने बंदिस्त जागेत न्यावयाच्या हातदिव्यास २४ व्होल्टची मर्यादा घातली होती, आणि विजेच्या धक्क्यापासून माणूस वाचावा ह्या हेतूने ती सर्वथा योग्यच होती. पण एप्रिल-मे महिन्यांत नांदेडच्या उन्हातून, जेथे भर दुपारी एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो, निरीक्षक त्या अरुंद तोंडातून आत शिरतो तेव्हा त्याचे डोळे आतल्या उजेडास सरावण्यास काही मिनिटे लागतात. घाम, उकाडा आणि घाई यांमुळे ती मिनिटे त्यास कोणी देत नाही, बहुधा तो स्वतःही घेत नाही. वर उल्लेखिलेल्या वचनांत डोळ्याच्या ह्या सरावास स्थान नाही. ती वचने पृष्ठाच्या बाजूने लिहिलेली आहेत, पाहणाराच्या बाजूने नव्हेत.

त्याच कायद्याच्या १७ व्या कलमात कामाच्या ठिकाणी ‘पुरेसा व योग्य’ प्रकाश असावा आणि डोळ्यांस ताण पडेल वा अपघात होईल अशी चकाकी व सावल्या टाळाव्यात, असे सांगितले होते. कामगाराच्या दृष्टीने हे रास्तच होते. परंतु वेल्ड तपासणारास सावलीच हवी असते! एकाच छपराखाली काम करणाराने सावली टाळावी आणि तपासणाराने ती मुद्दाम पाडावी, ह्या दोन गरजा ‘पुरेसा प्रकाश’ ह्या एकाच शब्दसंहतीत कोंबल्या की तिचा अर्थच हरपतो.

५

येथे पूर्वपक्ष मांडणे न्यायाचे होईल. मानककार म्हणतील की आकडा मोजता येतो, कौशल्य मोजता येत नाही. करारात वाद उपस्थित झाला तर ‘३५० लक्स नव्हते’ असे सिद्ध करता येईल, ‘दिवा नीट धरला नव्हता’ असे सिद्ध करता येणार नाही. शिवाय कौशल्याची परीक्षा निरीक्षकाच्या प्रशिक्षणात होतेच. आयएसओ ९७१२ प्रमाणे त्याची जवळची दृष्टी दरवर्षी तपासली जाते आणि किमान ३० सेंटिमीटरवरून बारीक छापील अक्षरे त्यास वाचता यावी लागतात.

ह्या आक्षेपात तथ्य आहे, पण तो पुरा पडत नाही. पांढऱ्या कागदावरील काळे अक्षर हा भेदाचा परमोच्च बिंदू होय, तर करड्या धातूवरील करडी भेग हा त्याचा जवळजवळ शून्य बिंदू. एक वाचता आल्याने दुसरी दिसेल, असे म्हणता येत नाही. भेगेची रुंदी वर काढलेल्या ०.१७५ मिलिमीटरच्या मर्यादेहून पुष्कळ कमी असते, तरीही ती कधी कधी दिसते. आकाशाच्या पार्श्वभूमीवर विजेची दूरची तार दिसते, तसेच हे आहे. ती दिसते ती रुंदीमुळे नव्हे, भेदामुळे. भेद नसेल तर रुंदी असूनही दिसत नाही.

मोजता येण्याच्या मुद्द्यावर तर खुद्द अमेरिकन संहितेनेच वाट दाखविली आहे. तपासणीची पद्धती सिद्ध करण्यासाठी ०.८ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक रेघ अथवा कृत्रिम दोष वापरता येतो, असे ती म्हणते. येथे आकड्याऐवजी प्रात्यक्षिक आले. ६०० मिलिमीटरवरून ०.८ मिलिमीटरची रेघ साडेचार कलांहून थोडा अधिक कोन व्यापते, म्हणजे डोळ्याच्या मर्यादेच्या साडेचारपट. ही कसोटी सौम्य आहे आणि रेघेस खोली नसते, हे तिचे दोन दोष होत. पण ‘कृत्रिम दोष’ हा दुसरा पर्याय मोलाचा आहे. ज्या धातूवर, ज्या प्रतीच्या घासाईवर काम चालले आहे, त्याच्याच तुकड्यावर अर्ध्या मिलिमीटरची चर पाडून ठेवावी आणि रोज काम सुरू करताना निरीक्षकाने आपल्या दिव्याने, आपल्या अंतरावरून ती शोधून दाखवावी. असे केल्यास दिवा, कोन, अंतर, पृष्ठ आणि डोळा ह्या पाचांचीही परीक्षा एकदम होते. लक्स मोजूच नये, असे मात्र नाही. मापन ही पहिली पायरी आहे. आपण तिलाच मंदिर समजू लागलो आहोत.

६

हा सर्व खटाटोप कशासाठी, याचे उत्तर एका दुर्घटनेत आहे. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर किएलँड’ हा तरंगता मंच उलटला आणि १२३ माणसे मृत्युमुखी पडली. चौकशीत जी साखळी उलगडली तिचा पहिला दुवा होता सहा मिलिमीटरचा एक फिलेट वेल्ड. तो कोणताही भार पेलणाऱ्या भागाचा नव्हता. ध्वनिग्राहक यंत्र बसविण्याच्या आधारकाचा होता. त्या वेल्डच्या भेगेच्या पृष्ठावर रंगाचे अंश आढळले. म्हणजे मंच समुद्रात जाण्यापूर्वी, रंग देण्याच्या वेळीच ती भेग तेथे होती. कोणाच्या तरी नजरेखालून ती गेली होती आणि तिच्यावर ब्रशही फिरला होता. तेथे किती लक्स प्रकाश होता हा प्रश्नच नाही. रंग देण्याइतका प्रकाश तेथे होता.

ह्या उदाहरणाचा लातूरच्या कारखान्याशी असलेला संबंध दूरचा नाही. रेल्वे-वाहनांच्या वेल्डिंगसाठी असलेल्या ईएन १५०८५ ह्या युरोपीय मानकात तपासणीचे चार वर्ग आहेत. वरच्या वर्गांत क्ष-किरण वा श्रवणातीत ध्वनीची आणि पृष्ठ-परीक्षेची जोड असते. खालच्या दोन वर्गांत ती बंधनकारक नसते, तेथे डोळा हीच एकमेव कसोटी उरते. ज्या सांध्यास आपण गौण ठरवितो त्याच्या वाट्यास केवळ डोळा येतो, आणि किएलँडचा सांधाही गौणच ठरविलेला होता. जेथे दुसरा साक्षीदार नाही तेथे एकमेव साक्षीदाराची साक्ष अधिक काटेकोरपणे घ्यावयास हवी, उलटे होता कामा नये.

डोळ्यास जे दिसते ते पृष्ठावरचेच असते. आतील पोकळी, आतील अपुरा मिलाफ कितीही तिरपा दिवा धरला तरी कळणार नाही, ही ह्या कसोटीची अंगभूत मर्यादा होय. परंतु जी मर्यादा निसर्गाने घातली आहे ती वेगळी, आणि जी आपल्या शब्दांच्या सैलपणाने निर्माण होते ती वेगळी. दुसरी दूर करणे आपल्या हातात आहे.

आपल्या देशात १९७० मध्ये तत्कालीन भारतीय मानक संस्थेने आयएस ८२२ ही वेल्ड-तपासणीची संहिता प्रसिद्ध केली. अशा संहितांचे मराठीत रूपांतर करण्याची वेळ येईल तेव्हा केवळ आकडे आणि संज्ञा आणून भागणार नाही. कोणते वाक्य ‘पाहिजे’ने संपवावयाचे आणि कोणते ‘असावे’ने, हे ठरवावे लागेल. ‘तिरप्या प्रकाशात निरखिले पाहिजे’ असे एक वाक्य त्यात आज्ञार्थी लिहिले गेले, आणि तपासणीच्या पत्रकातून ‘प्रकाश : पुरेसा’ ही छापील ओळ जाऊन तेथे ‘नमुना-दोष दिसला : होय अथवा नाही’ अशी ओळ आली, तर ह्या चिकित्सेचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल. नांदेड-लातूरच्या अभियांत्रिकी विद्यालयांतील कर्मशाळांस असा नमुना-तुकडा बनविण्यास एक पत्रा, एक कानस आणि एक दुपार पुरेल.